एक बॅसिलिका, दोन छायाचित्रे

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वेचे गाव आहे. मनमाडकडून येणारा लोहमार्ग येथून पुढे नांदेडकडे जातो, आणि वसमत-हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. एका धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्या निमित्ताने मी पूर्णेतील एका निवृत्त रेल्वे गार्डकाकांच्या घरी गेलो. हवे असलेले छायाचित्र तेथे मिळाले नाही. मात्र त्यांच्या बैठकीच्या खोलीतील भिंतीने मला जवळजवळ दोन तास अडकवून ठेवले.

भिंतीवर जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेची दोन छायाचित्रे होती. वरचे मोठे व रंगीत. २०१४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला काका सहकुटुंब गेले होते, तेव्हा आणलेले. मावळतीचे ऊन, निळे आकाश, आणि त्यात तांबूस जांभ्या दगडाची, जणू आतून पेटलेली भव्य वास्तू. खालचे छायाचित्र तळहाताएवढे, तपकिरी, एका कोपऱ्याला वाळवी लागलेले. काकांचे आजोबा १९३१ सालच्या दर्शनाला गेले होते, त्यांनी ते जपून आणले होते. हे चित्र कोपऱ्यातून घेतलेले आहे. दर्शनी भाग तिरपा दिसतो आणि बाजूची लांब भिंत दूरवर जाताना दिसते. ती भिंत पांढरी आहे.

काकांनी चहाचा कप पुढे सरकवला आणि विचारले, "तुम्ही फोटोतले जाणकार ना? मग सांगा, यातली खरी कोणती? जुन्या कागदाचा रंग उडाला असेल, असं आमचा मुलगा म्हणतो."

कागदाचा रंग उडालेला नव्हता. हे कसे कळते, ते आधी सांगितले पाहिजे. जुन्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा आणि फिल्मा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. निळा प्रकाश त्यांच्यावर लगेच उमटे, म्हणून आकाश पांढरेफटक येई. तांबडी वस्तू मात्र काळपट उमटे. उघडा जांभा अशा फिल्मवर गडद दिसला असता. ती भिंत चित्रात उजळ दिसते, याचा अर्थ ती खरोखरच उजळ होती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता.

बॉम जीझसचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. भिंती जांभ्याच्या, दर्शनी भागावरील कोरीव काम काळ्या पाषाणाचे. तो पाषाण वसईहून नेला गेला असे सांगतात. जांभा हा मऊ व सच्छिद्र दगड आहे. कोकण-गोव्याच्या पावसात तो उघडा ठेवला तर पाणी पितो आणि हळूहळू झिजतो. म्हणून बाहेरच्या भिंतींना चुन्याचा जाड गिलावा असे. जवळच असलेले से कॅथेड्रल आजही पांढरे आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने बॅसिलिकेचा गिलावा काढून टाकला. वास्तू दगडी, पुरातन आणि धीरगंभीर दिसावी, असा त्यामागचा विचार होता. तेव्हा काकांच्या भिंतीवरील दोन्ही छायाचित्रे खरी आहेत. त्यांच्यामध्ये ऐंशीहून अधिक वर्षे आणि गिलाव्याचा एक थर एवढे अंतर आहे.

परंतु काकांचा प्रश्न येथे संपत नाही. आज बॉम जीझस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल बॅसिलिका उभी राहते. पांढऱ्या बॅसिलिकेचे चित्र दाखवले तर ते आपल्याला चुकीचे वाटते. चारशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यातील जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे रूप आपल्या मनात मूळ रूप म्हणून कसे बसले? कारण ते रूप अतिशय देखणे आहे, आणि कॅमेऱ्याला ते फार मानवते. दिनदर्शिका, भेटकार्डे, पर्यटनाची पुस्तके आणि आता भ्रमणध्वनी यांनी ते लाखो वेळा आपल्यापुढे आणले. प्रसिद्ध वास्तूचे सुंदर छायाचित्र आपल्याला ती वास्तू दाखवते, आणि ती कशी असावी हेही नकळत ठरवून टाकते. म्हणून असे छायाचित्र कसे घडते, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे.

वास्तूचे छायाचित्र दोन हेतूंनी काढले जाते. एक, नोंद म्हणून : लांबी, रुंदी, खांब किती, भेग कोठे. दुसरे, कलाकृती म्हणून : त्या वास्तूत उभे राहिल्यावर जे जाणवते, ते कागदावर यावे म्हणून. पहिल्यात काही सुटता कामा नये. दुसऱ्यात काय सोडायचे, हाच मुख्य प्रश्न असतो. प्रत्यक्षात दोन्ही हेतू एकमेकांत मिसळलेले असतात, आणि अडचण तेथूनच सुरू होते.

कलात्मक वास्तुछायाचित्रणाचा विषय निघाला की फ्रेडरिक इव्हान्स या इंग्रज छायाचित्रकाराचे नाव हमखास येते. हा मूळचा पुस्तकविक्रेता. इंग्लंडमधील मध्ययुगीन कॅथेड्रलांनी त्याला वेड लावले. वेल्स येथील कॅथेड्रलात सभागृहाकडे जाणारा एक दगडी जिना आहे. शतकानुशतकांच्या पावलांनी त्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. १९०३ साली इव्हान्सने त्या जिन्याचे छायाचित्र घेतले आणि त्याला 'पायऱ्यांचा समुद्र' अशा अर्थाचे नाव दिले. चित्रात एकही माणूस नाही, पण झिजलेल्या पायऱ्या लाटांसारख्या वर चढत जातात आणि वरच्या कमानीतून प्रकाश उतरतो. काचेवर मागाहून हात फिरवून चित्र सजवणे इव्हान्सला मान्य नव्हते. समोर आहे तेच यावे, असा त्याचा आग्रह. तरीही कॅमेरा लावण्यापूर्वी तो कॅथेड्रलातील खुर्च्या हलवून घेत असे! म्हणजे सर्वांत प्रामाणिक मानलेल्या कलावंतानेही काहीतरी गाळलेच. यात मला खोटेपणा दिसत नाही. मात्र खुर्च्या होत्या, हे पाहणाऱ्याला ठाऊक असलेले बरे.

या कलेसाठी इंग्लंडला जाण्याचीही गरज नाही. पूर्णा व परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती, त्याच राज्याच्या दरबारी छायाचित्रकाराचे नाव या क्षेत्रात जगभर आदराने घेतले जाते. ते म्हणजे लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. बेगम समरू यांनी बांधलेल्या, आज बॅसिलिका असलेल्या मरियामातेच्या चर्चमुळे हे गाव आपल्या वाचकांना ठाऊक असेल. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर लागले. कॅमेरा त्यांच्या हाती मागाहून आला. १८८६ साली ग्वाल्हेर, सांची, खजुराहो आदी स्थळांची त्यांची छायाचित्रे मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीच्या ग्रंथात सर लेपेल ग्रिफिन यांच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रांत खांब आणि भिंती ताठ उभ्या असतात. ही गोष्ट साधी वाटते, पण आपण स्वतः चर्चचा मनोरा टिपायला गेलो की तिचे मोल कळते. मनोरा मावत नाही म्हणून आपण कॅमेरा वर उचलतो. तसे करताच दोन्ही बाजूंच्या उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात, आणि मनोरा मागे पडतो आहे असे दिसते. जुन्या पेटीवजा कॅमेऱ्यात यावर उपाय होता. पेटी सरळच ठेवायची आणि भिंग बसवलेली पुढची फळी तेवढी वर सरकवायची. काच भिंतीला समांतर राहते, त्यामुळे रेषा झुकत नाहीत. आजही याच तत्त्वावरची महाग भिंगे मिळतात. दीनदयाळ यांना हे तंत्र साधले यात नवल नाही. ज्याने वर्षानुवर्षे इमारतींचे आराखडे काढले, त्याच्या डोळ्याला वाकडी भिंत खटकणारच.

त्यांच्याही आधी मराठवाड्याच्या लेण्यांपुढे कॅमेरा लावणारा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या पारोची कथा मराठी चित्रपटामुळे घरोघर पोहोचली आहे, त्यातील गिल तो हाच. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी त्याची नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षे तो तैलरंगात ते काम करत होता. त्यांतील बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेली. एवढ्या वर्षांच्या श्रमांतून मोजकी चित्रे उरली. परंतु मधल्या काळात गिलने कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा व वेरूळ येथील त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि ती छापली गेल्यामुळेच टिकली. गिलने लोणारची मंदिरेही टिपली. १८७९ साली त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिलच्या वेळी ओल्या काचेची पद्धत होती. अंधाऱ्या तंबूत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्यापूर्वी पुन्हा तंबूत नेऊन चित्र उमटवायचे. हाताशी वेळ सुमारे दहा मिनिटे. वैशाखातल्या मराठवाड्यात त्याहूनही कमी! त्यामुळे एकेक काच लावण्यापूर्वी छायाचित्रकार बराच वेळ नुसता पाहत उभा राहत असेल. शिवाय काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात हलणारी माणसे धूसर होत किंवा पुसलीच जात. जुन्या छायाचित्रांत गजबजलेली ठिकाणे ओसाड दिसतात त्याचे हे एक कारण आहे. जी माणसे स्पष्ट दिसतात त्यांना बहुधा मुद्दाम स्थिर उभे केलेले असते, वास्तूच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून.

वेरूळचे कैलास मंदिर घ्या. पूर्णेहून रेल्वेने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथून सुमारे तीस किलोमीटर. आठव्या शतकातील ही वास्तू डोंगर वरून खाली कोरत आणून काढलेली आहे, त्यामुळे ती चहूबाजूंनी कड्यांच्या खळग्यात उभी आहे. प्रांगणात उभे राहिले तर मागे सरायला जागा नाही. कॅमेऱ्यात शिखर येते तर पायथा सुटतो. डोंगरावर चढून कडेवरून पाहिले तर संपूर्ण मंदिर दिसते, पण मग ते मंदिर न वाटता ओंजळीत ठेवलेल्या मूर्तीसारखे वाटते. दोन्ही चित्रे कैलासाचीच. एकात माणूस मंदिरापुढे लहान होतो, दुसऱ्यात मंदिर माणसाच्या दृष्टीखाली येते. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर कोरीव कामावर तिरपे ऊन येते. तिरप्या उन्हातच कोरीव काम उठून दिसते. माथ्यावरचा सूर्य सगळे सपाट करून टाकतो. सहलीची बस मात्र बहुधा बारा वाजताच पोहोचते, याला कोण काय करणार!

येथवर कलेची बाजू झाली. आता गाळण्याची बाजू पूर्णेच्या अगदी जवळच्या वास्तूवरून सांगतो. वसमतच्या पुढे औंढा नागनाथचे मंदिर आहे. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला, त्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यातच होते. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडाचा, शिल्पांच्या पट्ट्यांनी भरलेला. वरचा भाग नंतरच्या काळातील, गिलाव्याचा व पांढऱ्या रंगाचा. कलात्मक म्हणून गणली जाणारी औंढ्याची छायाचित्रे पाहा. बहुतेकांत खालची काळी भिंतच दिसते, चौकट पांढऱ्या भागाच्या किंचित खाली कापलेली असते. मीही असेच चित्र घेतले होते आणि त्यावर खूश होतो. पुढे ते एका परगावच्या स्नेह्यांना दाखवले. ते स्वतः औंढ्याला जाऊन आले तेव्हा म्हणाले, "तुमचं मंदिर मला तिथं सापडलंच नाही." माझ्या चौकटीने पुनर्बांधणीचा सगळा इतिहास कापून टाकला होता. मोडलेले मंदिर लोकांनी पुन्हा उभे केले आणि त्यात भक्ती सुरू राहिली, ही गोष्ट त्या पांढऱ्या भागातच आहे.

बॉम जीझसच्या बाबतीत हेच अधिक गंभीरपणे घडले आहे. आकाशाच्या निळाईपुढे तांबडा जांभा, पावसाळ्यात त्यावर चढलेले हिरवे शेवाळ, संध्याकाळचे ऊन, यांहून छायाचित्रकाराला आणखी काय हवे? परंतु ज्या खडबडीत, झिजलेल्या पोतावर आपले डोळे ठरतात, तो पोत म्हणजे दगडाची झीज आहे. २०२० साली बॅसिलिकेच्या रेक्टरांनी पावसामुळे वास्तूला पोहोचणाऱ्या हानीकडे जाहीरपणे लक्ष वेधले, आणि पुन्हा गिलावा करण्याच्या प्रश्नावर गोव्यात बरीच चर्चा झाली. गिलाव्याच्या बाजूने दगडाची प्रकृती आणि जुनी छायाचित्रे होती. विरोधात जी भावना होती, तिच्यामागे तांबड्या रूपाची सवय किती मोठी होती हे सांगायला नको. आपल्याला आवडलेले चित्र वास्तूच्या आरोग्याच्या आड येऊ शकते. १९ व्या शतकाच्या अखेरीस 'सौझा अँड पॉल' यांच्यासारख्या गोव्यातील छायाचित्रकारांनी जुने गोवे टिपले नसते, तर या चर्चेला आधार कोठून मिळाला असता?

दुसरे उदाहरण तेथून जवळच, संत ऑगस्टिन यांच्या मठाच्या टेकडीवर आहे. १६०२ साली पूर्ण झालेले ते चर्च १८३५ नंतर ओस पडले, १८४२ साली त्याचे छत कोसळले, आणि १९३१ साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज उरलेल्या मनोऱ्याचे, विशेषतः ढगाळ आभाळापुढचे, छायाचित्र कोणालाही मोहात पाडते. वसईच्या किल्ल्यातील चर्चांच्या भग्नावशेषांचेही तसेच. तेथे विवाहापूर्वीची छायाचित्रे काढणाऱ्या जोडप्यांची रीघ असते. भग्नतेचे सौंदर्य मीही नाकारत नाही. परंतु १९३१ पूर्वीची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर त्या मनोऱ्याकडे पाहताना नुसते सौंदर्य उरत नाही.

हे सर्व बोलून झाल्यावर काकांनी मला माझ्याच कामाची आठवण करून दिली. स्मरणिकेसाठी हवे होते ते त्या धर्मग्रामातील जुन्या चर्चचे चित्र. ते पाडून नवे बांधलेले आहे. माझ्याकडे शंभराहून अधिक छायाचित्रे जमली होती. प्रथम कम्युनियनची, लग्नांची, महागुरुस्वामींच्या स्वागताची. प्रत्येकात चर्चपुढे तीन रांगांत माणसे उभी, आणि माणसे नीट यावीत म्हणून चर्च वरून कापलेले. मनोरा कोणत्याही चित्रात पूर्ण नाही. खिडक्यांच्या कमानी गोल होत्या की टोकदार, यावर दोन ज्येष्ठ धर्मग्रामवासीयांत वाद झाला, आणि तो मिटवायला पुरावा नव्हता. ज्या वास्तूत तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे झाले, तिचा चेहरा कोणी टिपला नाही. दोष कोणाचा म्हणावा? ती रोज समोर होती. रोज समोर असणाऱ्या गोष्टीचे छायाचित्र काढायचे असते, हे कोणाला सुचणार?

म्हणून आपल्या चर्चपुरते एवढे करून पाहावे. सकाळी किंवा दुपार कलल्यावर, दर्शनी भागावर तिरपे ऊन असताना जावे. जेवढे मागे सरता येईल तेवढे सरावे, आणि भ्रमणध्वनी वर न कलवता सरळ धरावा. खाली अंगण अधिक आले तरी चालेल, ते नंतर कापता येते. जवळ गच्ची असेल तर तेथून मनोऱ्याच्या निम्म्या उंचीवरून पाहावे, रेषा आपोआप ताठ राहतात. एक चित्र समोरून, एक कोपऱ्यातून दोन भिंती दिसतील असे. काकांच्या आजोबांनी आणलेले चित्र कोपऱ्यातून घेतलेले होते म्हणूनच ती पांढरी भिंत आपल्याला कळली. विजेच्या तारा, पत्र्याची शेड, सणाची तोरणे येत असतील तर येऊ द्यावीत. मनाजोगते, तारा टाळून काढलेले चित्र निराळे काढावे, आणि दोन्ही ठेवावीत. कागदावर छापलेल्या प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि कोणत्या दिशेने पाहत होतो ते लिहावे. एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरात द्यावी.

निघण्यापूर्वी मी काकांकडे १९३१ च्या चित्राची प्रत घेण्याची परवानगी मागितली. चौकटीच्या काचेत खिडकीचे प्रतिबिंब पडत होते, म्हणून त्यांनी ती भिंतीवरून उतरवली, मागचे खिळे पकडीने सरळ केले आणि चित्र बाहेर काढले. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत, जुन्या वर्तमानपत्रावर ते ठेवून मी तीन प्रती घेतल्या. मागची बाजू कोरी होती, कोठे काढले, कोणी काढले, काहीच नाही. काकांनी नातीच्या दप्तरातून पेन्सिल मागवली आणि चष्मा लावून मागे लिहिले : आजोबांनी गोव्याहून आणले, १९३१, भिंत पांढरी होती.

मग वाळवी लागलेल्या चौकटीऐवजी दुसरी चौकट मिळेपर्यंत ते चित्र त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले.